कंटेनर दिसतो, माल दिसत नाही

प्रश्न : माझा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्यानं लॅपटॉपवर ‘वायरशार्क’ची नवी आवृत्ती टाकली आणि मला बघायला बोलावलं. पडद्यावर जांभळ्या, निळ्या, मधूनच काळ्या ओळी मुंगळ्यांसारख्या धावत होत्या. म्हणाला, “बाबा, हे आपलं इंटरनेट.” तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझा बँकेचा पासवर्ड त्यात असतो का? शेजाऱ्यालाही हे असंच दिसत असेल का? आणि असलं सॉफ्टवेअर फुकट वाटून वर त्याच्या नवनव्या आवृत्त्या कशासाठी काढतात?
— एक वाचक, खांदा कॉलनी, नवीन पनवेल

उत्तर : तुम्ही पनवेलचे, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. पळस्पे फाट्यावर कधी तासभर उभे राहिला असाल, एसटीची वाट बघत किंवा ट्रॅफिकमध्ये अडकून. न्हावाशेव्याच्या बंदरातून येणारे ट्रेलर एकामागून एक जात असतात. वेळ घालवायला वही काढून टिपण करायला बसलात, तर काय काय लिहाल? किती वाजता गेला, कुठल्या कंपनीचा, वीस फुटी की चाळीस फुटी, कंटेनरचा नंबर काय. चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा गमतीचा आहे. तो आधीच्या दहा खुणांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे लिहिताना कुणाची चूक झाली तर लगेच पकडता येते. एवढं सगळं तुमच्या वहीत येईल. आत टीव्ही आहेत की सुका मेवा, ते मात्र येणार नाही. दाराला सील आहे.

वायरशार्क ही ती वही. तुमच्या लॅपटॉपच्या फाट्यावरून जाणारं प्रत्येक पॅकेट ती टिपते. मोठा फोटो पाठवला तरी तो अखंड जात नाही. साधारण दीड-दीड हजार बाइटचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर कुठून, कुठे, कितवा हे लिहिलेलं असतं. कंटेनरच्या शेवटच्या आकड्यासारखी ताळा जुळवणारी खूणसुद्धा असते. मुलाला खालच्या चौकटीतले आकडे दाखवायला सांगा. सुरुवातीची चौदा बाइट सोडली की बहुतेक वेळा ‘४५’ दिसेल. त्यातला ४ म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती. ५ म्हणजे पुढचं पत्त्याचं लेबल चार-चार बाइटच्या पाच ओळींचं, एकूण वीस बाइटचं. एकदा हे डोळ्यांना समजलं की मुंगळे राहत नाहीत, बिल्ट्या दिसायला लागतात. रंगांचंही तसंच : फिकट जांभळा म्हणजे टीसीपी, फिकट निळा यूडीपी (या माल पाठवायच्या दोन पद्धती), आणि काळा म्हणजे काहीतरी बिनसलंय.

आता पासवर्ड. बँकेचं ॲप सगळं बोलणं कुलूपबंद करून पाठवतं, त्यामुळे तुमच्या मुलाला दिसला तो बंद कंटेनर. हे नेहमी असं नव्हतं, बरं का. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरनं ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं छोटं जोडकाम प्रसिद्ध केलं. कॉफीच्या दुकानातल्या उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं, की शेजारच्या टेबलावरच्यांची फेसबुक खाती फोटोसकट समोर. दोनदा क्लिक केलं की त्या माणसाच्या नावानं आपण आत. त्यात नवं तंत्र काहीच नव्हतं. तेव्हा मोठमोठ्या साइट फक्त लॉगिनच्या क्षणी सील लावायच्या आणि पुढचा माल उघड्या ट्रकमधून न्यायच्या. बटलरनं ते चारचौघांत दाखवलं इतकंच. त्यानंतर सगळीकडे कुलपं लागत गेली आणि २०१८ मध्ये टीएलएस १.३ हे आणखी घट्ट सील आलं. मला विचाराल तर त्या उघडपणानं सभ्य इशाऱ्यांपेक्षा जास्त काम केलं.

पण सील म्हणजे बुरखा नव्हे. कंटेनर कुठे चाललाय ते दिसतंच. वरच्या पट्टीत ‘डीएनएस’ एवढं टाइप केलं, की लॅपटॉपनं दिवसभरात कुठल्या कुठल्या साइटचा पत्ता विचारला त्याची यादी बहुतेक वेळा मिळते. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी लॅपटॉपवरचं सगळं बंद करून, हात मांडीवर ठेवून, ते करून पाहिलं. मी काही करत नव्हतो. लॅपटॉप करत होता. अपडेट विचारणं, घड्याळ लावून घेणं, आणि ज्या ॲपला मी महिन्यात हात लावला नव्हता त्याचं कुणाशी तरी कुजबुजणं. त्या कुजबुजीतला मजकूर मला कळला नाही. ती होते हे कळलं, आणि ते ॲप मी काढून टाकलं.

शेजाऱ्याचं म्हणाल, तर तो दुसऱ्या फाट्यावर उभा आहे. आजचा स्विच किंवा राउटर ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. जुन्या ‘हब’सारखं एकाचं पत्र सगळ्यांना वाटत नाही. वायफाय हवेतून जातं, त्यामुळे तिथे एक पळवाट आहे. तुमच्या राउटरचं वायफायचं कुलूप डब्ल्यूपीए-२ जातीचं असेल, तुमचा वायफाय पासवर्ड शेजाऱ्याला ठाऊक असेल, त्याचं कार्ड हवेतलं सगळं ऐकू शकणारं असेल आणि तुमचा फोन राउटरला जोडला जातानाचा सुरुवातीचा संवाद त्यानं टिपला असेल, तर त्याला वायफायचं कुलूप उघडता येतं. आतलं बँकेचं सील तरीही शाबूत राहतं. डब्ल्यूपीए-३ मध्ये ही पळवाट बुजवली आहे. तोवर, गणपतीत पाहुण्यांना वाटलेला पासवर्ड दिवाळीपर्यंत तोच असेल तर बदला.

फुकट का, याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जेराल्ड कूम्ब्स नावाचा तरुण एका छोट्या इंटरनेट कंपनीत नोकरीला होता. पॅकेटं वाचण्याची विकतची हत्यारं होती, पण महाग, आणि त्याच्या कंपनीतल्या सोलारिस, लिनक्स यंत्रांवर चालत नसत. मग त्यानं स्वतःच लिहायला घेतलं. जुलै १९९८ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली, तिचं नाव ‘ईथिरियल’. त्याचा पाया आणखी जुना : बर्कलेच्या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी लिहिलेलं ‘टीसीपीडम्प’. कूम्ब्सनं आपलं काम उघडं ठेवलं, तेव्हा जगभरातले लोक आपापल्या कामातला एकेक प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची भाषा, त्यात घालत गेले. २००६ मध्ये त्यानं नोकरी बदलली आणि घोळ झाला. कोड त्याचा, पण ‘ईथिरियल’ हे नाव जुन्या मालकाकडे नोंदलेलं. घर आपलं, पाटी दुसऱ्याची! त्यानं पाटी सोडली, सामान उचललं आणि ‘वायरशार्क’ नावानं नवीन संसार मांडला. आज हा संसार वायरशार्क फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था बघते. तिच्या नावानं निघालेली पहिली मोठी आवृत्ती ४.२, नोव्हेंबर २०२३ मधली. नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ४.४ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ४.६. मुलाकडे बहुधा हीच असेल. त्याच महिन्यात आपल्याकडे विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणून माझ्या लक्षात राहिली. बिंदूनंतरचा आकडा सम असेल तर ती सर्वांसाठी, विषम असेल तर कच्चं काम चालू, असा त्यांचा रिवाज आहे.

नव्या आवृत्तीत काय? पूर्वी टिपण एकाच फाइलमध्ये चालू असेल तर ते दाबून लहान करण्यासाठी थांबावं लागे. आता टिपतानाच फाइल दाबली जाते. हे किरकोळ वाटेल, पण एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५० गिगाबाइटची वही होते. पॅकेटांमधल्या आकड्यांचे ठिपके मांडून आलेख काढायची नवी खिडकी आली आहे. ॲपलच्या संगणकावर घेतलेल्या टिपणात पॅकेट कुठल्या प्रोग्रामनं पाठवलं तेही वाचता येऊ लागलंय. मला ते आधी मिळालं असतं, तर कुजबुजणारं ॲप शोधायला अर्धी दुपार गेली नसती. विंडोजवर पॅकेटं पकडून देणाऱ्या जुन्या विनपीकॅपचा आधार बंद झाला, आता एनपीकॅपच हवं.

पण नव्या आवृत्तीचं खरं कारण वेगळंच आहे. वायरशार्क हजारो प्रोटोकॉल वाचतं आणि प्रत्येकाचा दुभाषा निराळा. हे दुभाषे रस्त्यावर जे येईल ते वाचतात, कुणी मुद्दाम वाकडंतिकडं लिहिलेलंसुद्धा. अशा एखाद्या पॅकेटनं दुभाषाच कोलमडू शकतो. म्हणून ४.६ वर थांबायचं नाही, तिच्या पुढच्या छोट्या दुरुस्त्याही घ्यायच्या.

आणि वायरशार्क कुणाला लागतं, असं विचाराल तर २७ जून २०१७ आठवा. त्या दिवशी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक बंद पाडणारा किडा सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या दाराशी आला. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झालं. क्रेन धडधाकट, जहाजं उभी, कंटेनर जागेवर, आणि कुठला कंटेनर कुणाचा हे सांगणारे संगणक मुके. नुसते डबे बघून बंदर चालत नाही, हे तेव्हा कळलं. हा किडा पसरायचा कसा? एक यंत्र बाधलं की ते शेजारच्या प्रत्येक यंत्राच्या ४४५ क्रमांकाच्या दारावर थापा मारत सुटायचं. मायक्रोसॉफ्टनं त्या दाराची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. पण हा चोरलेल्या पासवर्डनंही आत शिरत असल्यामुळे दुरुस्त केलेली यंत्रंही गेली. पॅकेटांच्या वहीत या थापा लख्ख दिसतात, एकच पत्ता ओळीनं सगळ्या घरांची कडी वाजवतोय. अर्थात वही थांबवत काहीच नाही. ती वाचणारा माणूस त्या वेळी जागेवर लागतो, आणि नॉटपेट्याचा वेग पाहता त्याला चहा संपवायलाही सवड मिळाली नसती. मर्स्कनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले, असं तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. आणि जाळ्याच्या मुख्य नोंदवहीची धडधाकट प्रत सापडली ती फक्त घानाच्या कचेरीत, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. बत्ती गुल होण्याचा एवढा फायदा महावितरणलाही कधी सांगता आला नसता.

प्रश्न : कळंबोलीत आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. रोज दुपारी तीननंतर नेट रडतं. इंटरनेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे. हे सॉफ्टवेअर लावून चोर सापडेल का?

उत्तर : सापडेल, पण आधी एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या टेबलावरच्या संगणकात लावलंत तर फक्त त्याच टेबलाची वाहतूक दिसेल. सगळ्या ऑफिसची बघायची तर स्विचमध्ये ‘पोर्ट मिररिंग’ची सोय लागते, म्हणजे राउटरकडे जाणाऱ्या वाहतुकीची नक्कल एका मोकळ्या पोर्टावर काढायची. ती सोय स्वस्तातल्या स्विचमध्ये नसते. असेल तर तीन वाजता दहा मिनिटं टिपा आणि ‘कॉन्व्हर्सेशन्स’ची खिडकी उघडून बाइटच्या क्रमानं लावा. सगळ्यात वर जो बसलाय तो तुमचा संशयित. सीसीटीव्हीचा डबा बाहेर चित्रण पाठवतोय किंवा कुणाच्या संगणकाचा बॅकअप नेमका तीनला सुरू होतोय, असंच काहीतरी निघण्याची शक्यता मोठी. वरच्या ओळींमध्ये कुणीच राक्षस नसेल, पण काळ्या ओळींचा पाऊस असेल आणि त्यांत ‘रीट्रान्समिशन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर पॅकेटं वाटेत हरवतायत. तसंच टिपण एकदा तुमच्या टेबलाच्या वायरनं आणि नंतर थेट राउटरपाशी असं दोनदा घ्या. राउटरपाशीही तसंच दिसलं तर इंटरनेटवाल्याला त्या टिपणाची फाइल दाखवा. “नेट स्लो आहे” याला त्याच्याकडे पाठ केलेलं उत्तर आहे, या फाइलला नाही.

ऑफिस तुमचं असलं तरी कर्मचाऱ्यांना आधी सांगा, लेखी सांगा. दुसऱ्याच्या जाळ्यात तर परवानगीशिवाय हात घालूच नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खांदा कॉलनीच्या चिरंजीवांनीही हे वाचावं, विशेषतः कॉलेजच्या वायफायवर बसण्यापूर्वी. आणि टिपलेली फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आपल्या ऑफिसातला जुना प्रिंटर किंवा कॅमेरा अजून उघड्या ट्रकनं पासवर्ड पाठवत असेल, तर तो त्या फाइलमध्ये जसाच्या तसा असतो.