घरातील शाळा

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा हे गाव वसलेले आहे. वऱ्हाडच्या तापलेल्या सपाटीवरून घाट चढून येणाऱ्या वाटसरूस येथील वारा सुखावतो. याच गावी १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला.

पुण्यास जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली होती. परंतु बुलढाण्याच्या परिसरात तशी शाळा नव्हती. पोथ्या मात्र होत्या. त्या काळी श्रावण आला, की घरोघरी 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लावला जाई. कोणी जाणता पुरुष पोथी मोठ्याने वाची आणि बायकामुली आडोशाला बसून ऐकत. ऐकण्याची त्यांना मुभा होती, वाचण्याची नव्हती. वाचणारी स्त्री लवकर विधवा होते, अशी समजूत पुष्कळांच्या मनात घट्ट बसली होती. हे खूळ प्रथम कोणाच्या डोक्यातून निघाले ते असो; त्यापायी कित्येक मुली डोळे असून आंधळ्या राहिल्या!

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत कारकून होते. चार मुलगे आणि ही एकच मुलगी. शाळा नाही म्हणून मुलीने अडाणी राहावे, हे त्यांनी मानले नाही. त्यांनी स्वतःच तिला मराठी, संस्कृत व इंग्रजी या भाषा शिकविल्या.

मुळाक्षरे गिरवून घेणे एक वेळ सोपे. वाचनाची गोडी लावणे अवघड. ती गोडी ताराबाईंना किती लागली होती, हे पुढे साऱ्यांस दिसले. १८८१ साली सुरत येथील एका तरुण विधवेस न्यायालयात कठोर शिक्षा झाली. त्या निमित्ताने काही वृत्तपत्रे सरसकट सर्व स्त्रियांस दोष देऊ लागली. तो मजकूर वाचून ताराबाईंना राहवेना. त्यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यात छापून घेतले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

आपण मराठमोळ्या घरात कोंडलेली स्त्री आहोत, असे त्या प्रस्तावनेत सांगतात. परंतु या कोंडलेल्या स्त्रीने काय काय वाचले होते! पुराणांतील कथा तिला मुखोद्गत होत्या. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या त्या वेळच्या नव्या कादंबऱ्याही तिने वाचल्या होत्या; आणि नुसत्या वाचल्या नव्हत्या, तर त्यांत स्त्रियांचे चित्र कसे रंगविले आहे हे पारखून घेतले होते. छापलेले सारेच खरे, असे तिने कधी धरले नाही.

पुस्तकावर कडाडून टीका झाली. १८८५ साली जोतीरावांनी 'सत्सार' मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. हळूहळू पहिलेही विस्मरणात गेले.

सुमारे नव्वद वर्षे असेच चालले. मग स. गं. मालशे या संशोधकांच्या हाती त्याची प्रत आली आणि १९७५ साली त्यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन या विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले, आणि बापूजींच्या लेकीचे शब्द सातासमुद्रापलीकडे वाचले जाऊ लागले.