माळ गळ्यात, तंबाखू गालात

भजनाला उभे राहण्यापूर्वी मंडळी कपाळी गंध-बुक्का लावतात, आरशात एकदा पाहून घेतात. आणि मग कोपऱ्यात जाऊन पिंक टाकून, चूळ भरून येतात. आमच्या दिंड्यांतून हा प्रकार नवा नाही. विचारावे तर उत्तर तयार: “बुवा, माळ घालताना मद्यमांस सोडले, तंबाखूचे नाव कुणी काढले नव्हते.” खरे आहे. पण ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी हे झाड या देशातच नव्हते. ते पुढे अडीच-तीनशे वर्षांनी पोर्तुगीजांबरोबर आले. जे नव्हतेच, त्याचे नाव नेमात यावे कसे?

आज आम्ही पापपुण्याचा विषय काढीत नाही, चेहऱ्याचाच काढतो. कोणी म्हणेल, वारकऱ्याला रूपाची चिंता कशाला? अहो, आतल्या रक्ताची बातमी कातडीच बाहेर सांगते! विडी असो की मशेरी, तिच्यातील निकोटीन रक्तात उतरते आणि कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी, म्हणून प्राणवायू कमी; चेहरा फिका, राखाडी दिसू लागतो. विडी-सिगारेटचा धूर याहून पुढे जातो. कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे कातडीला ताठ ठेवणारे तंतू. धुराने त्यांची झीज होते. जुन्या पंचाचे सूत विरले म्हणजे तो जसा ढिला पडतो, तसे गाल ओघळतात, ओठांभोवती उभ्या रेघा पडतात. डग्लस मॉडेल या डॉक्टरांनी १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या खुणांचे वर्णन करून त्यांस ‘धूम्रपान करणाराचा चेहरा’ असे नावच दिले. उन्हानेही सुरकुत्या पडतात हे आम्हांस मान्य आहे. शेतकऱ्याला ऊन चुकत नाही. धूर मात्र चुकविता येतो.

चघळणाराची कथा तोंडातली. बार जेथे रोज धरावा, तेथली आतली कातडी पांढरी, जाड होते. हिरडी सरकून दातांची मुळे उघडी पडतात. मशेरीने दात साफ होतात अशी बायामाणसांची समजूत, आणि दात तर काळे! सुपारी-गुटख्याने जबडा आखडतो, तोंडात दोन बोटे शिरेनाशी होतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी चोरून खाणारे आहेतच. ज्या तोंडाने नाम घ्यावयाचे ते उघडतच नाही, तर टाळ घेऊन काय करावे? तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांना दाखवावी. कर्करोगाची सुरुवात कित्येकदा अशीच होते.

सोडल्यावर काय मिळते? काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारू लागते, चेहऱ्यावर रंग येतो, जखमा लवकर भरतात. विडीने पिवळे झालेले बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. सहा महिन्यांत ते स्वच्छ दिसेल. दातांचे डाग दंतवैद्याकडून काढून घ्यावेत. खोल सुरकुती मात्र जात नाही, हे स्पष्टच सांगतो. पुढची झीज तेवढी मंदावते.

पहिले चार दिवस जड जातात. माणूस चिडतो, झोप लागत नाही. चंची घरातच ठेवू नये. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तलफ आली तरी ती एका वेळी काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात एक अभंग म्हणून होतो.