सोड्याची मात्रा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• खाण्याच्या सोड्याचे रासायनिक गुणधर्म सांगू शकाल;
• वैद्यकशास्त्रातील त्याचे उपयोग स्पष्ट करू शकाल;
• औषध म्हणून तो घेताना मात्रेला महत्त्व का आहे, हे उदाहरणाने पटवून देऊ शकाल.

मूळ पाठ

बेंगळूरूमधील सर्जापूर रोडवर एक मराठी कुटुंब राहते. आजोबा मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहावयास आले. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करण्यास सांगितले. आजोबांनी लोणचे सोडले, पापड सोडला, ताटात मीठ वाढून घेणेही बंद केले. मात्र रात्री जेवणानंतर छातीत जळजळ झाली, की चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची त्यांची जुनी सवय तशीच राहिली. दहावीत शिकणाऱ्या नातीने एकदा विचारले, "आजोबा, या सोड्यात काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

आजोबा हसून म्हणाले, "अगं, सोडा तो सोडा! त्यात मीठ थोडंच असतं?"

आजोबांचे उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते. ते पारखण्यासाठी या पांढऱ्या चूर्णाची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

खाण्याच्या सोड्याचे रासायनिक नाव सोडिअम बायकार्बोनेट. हा सौम्य आम्लारिधर्मी पदार्थ आहे. त्याचे नैसर्गिक रूप पाहावयाचे असेल, तर आजोबांच्या मेहकरजवळच असलेल्या लोणारला जावे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातील सरोवराच्या पाण्यात मिठाबरोबरच सोडिअम कार्बोनेट व बायकार्बोनेट विरघळलेले आहे. म्हणून त्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले, की काठावरचा खार गोळा केला जाई. काच व साबण बनविण्यासाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद अकबरकालीन 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथातही आहे. लोणार सरोवराला २०२० साली रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

बाजारात मिळणारा सोडा मात्र कारखान्यात तयार होतो. मिठाच्या संपृक्त द्रावणात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड हे वायू सोडले, की कमी विरघळणारे सोडिअम बायकार्बोनेट तळाशी बसते. बेल्जियमचे अर्न्स्ट सॉल्व्हे यांनी १८६० च्या दशकात ही पद्धती व्यवहारात आणली. म्हणजे सोड्याचा जन्मच मुळी मिठापासून होतो.

या पदार्थाचे दोन गुण विशेष उपयोगी आहेत. पहिला गुण असा, की आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. ढोकळ्याच्या पिठात दह्याचे किंवा लिंबाचे आम्ल असते. त्यात सोडा पडला, की पीठ फुगते आणि ढोकळा जाळीदार होतो. प्रयोगशाळेत टेबलावर आम्ल सांडल्यास त्यावर सोडा टाकतात; फसफस थांबली, की आम्लाचे उदासिनीकरण झाले असे समजतात. अंगावर आम्ल सांडले असता मात्र ती जागा प्रथम भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. दुसरा गुण असा, की तापविल्यावर सोड्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघून जाते आणि सोडिअम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मागे उरतो. पदार्थात सोडा जास्त पडल्यास साबणासारखी चव येते, ती यामुळेच. डाळ शिजविताना सोडा घातल्यास तिच्यातील ब-१ जीवनसत्त्वही बरेचसे नष्ट होते.

आता वैद्यकशास्त्राकडे वळू. मानवी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेत राहणे आवश्यक असते. ही मर्यादा राखण्याचे काम रक्तातील बायकार्बोनेट करते आणि त्याचा साठा मूत्रपिंडे सांभाळतात. मूत्रपिंडे निकामी झाली, की रक्तात आम्ल साठू लागते. म्हणून डायलिसिसच्या द्रवात बायकार्बोनेट असते. सर्जापूर रोडवरच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत डायलिसिससाठी मोजून वापरला जाणारा पदार्थ आणि त्याच रस्त्यावरच्या स्वयंपाकघरांतील डब्यात असलेला सोडा मूलतः एकच होत.

सोड्याने एकदा असंख्य प्राण वाचविण्यास हातभार लावला. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांचे लोंढे आले आणि छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. अशा रुग्णाच्या शरीरातून पाण्याबरोबर सोडिअम व बायकार्बोनेटही वाहून जाते. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पुड्यांत भरून घेतले. रुग्णांचे नातेवाईकच ते द्रावण त्यांना पाजू लागले. जेथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हीच पुढे घरोघरी पोहोचलेली जलसंजीवनी. मिश्रण अधिक काळ टिकावे म्हणून १९८४ पासून त्यात सोड्याऐवजी सायट्रेट वापरले जाते. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या कथेतील खरे बळ केवळ पदार्थात नव्हते, ते मोजमापातही होते. हेच सूत्र धरून नातीने आजोबांपुढे वही ठेवली. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सोडा तेथे पोहोचला, की आम्लाशी संयोग होऊन पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि मीठ तयार होते. वायूमुळे ढेकर येतो, जळजळ काही वेळ शमते. पण मीठ शरीरातच राहते. ८४ ग्रॅम सोड्यापासून ५८.५ ग्रॅम मीठ बनते. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम सोडा मावतो. त्याचे सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

आजोबांनी हिशेब दोनदा तपासला. "म्हणजे ताटातलं मीठ सोडलं आणि पेल्यातून प्यायलो!" ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. जळजळीवर रक्तदाबाला बाधा न आणणारे औषध मिळाले आणि रात्रीचे जेवण लवकर व बेताचे घेण्याचा सल्लाही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली: छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताचीच असते असे नाही. जळजळीसोबत दडपण, घाम, धाप किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर सोडा पीत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडा पिऊ नये.

सोड्याचा डबा आजोबांच्या घरात आजही आहे. तो आता ढोकळ्याच्या दिवशीच उघडतो, आणि तेव्हाही चमचा सपाट करूनच सोडा घेतला जातो.

शब्दार्थ

आम्लारिधर्मी – आम्लाचा प्रभाव नाहीसा करणारा
सामू – द्रावणाची आम्लता वा अल्कता दर्शविणारा अंक
उदासिनीकरण – आम्ल व आम्लारी यांनी परस्परांचा प्रभाव नाहीसा करणे
मात्रा – ठरावीक प्रमाण

स्वाध्याय

१. 'ताटातलं मीठ सोडलं आणि पेल्यातून प्यायलो' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. बनगाव येथील रुग्णांना तोंडावाटे द्रावण देण्याची गरज का भासली?
३. आपल्या घरातील एखाद्या पदार्थाचे गुण व मर्यादा सांगणारा दहा ओळींचा परिच्छेद लिहा.