रिफॅम्पिसिन : मात्रा, पथ्य आणि इतर औषधांशी हिशेब

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याचा आमच्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय क्षयरोगावरील ‘रिफॅम्पिसिन’ हे तोंडावाटे घ्यावयाचे प्रतिजैविक हा आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि आमच्याच दप्तरातील एका उणिवेमुळे हा विषय आम्हांस मुळापासून समजून घ्यावा लागला. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून दिला आहे.

रिफॅम्पिसिन १९६५ साली इटलीत तयार झाले. पुढे पायराझिनामाइडच्या जोडीने त्याचा वापर सुरू झाला आणि दीड वर्ष चालणारा क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांवर आला. एकटे दिल्यास जंतू त्याला लवकर दाद देईनासे होतात; म्हणून ते नेहमी इतर औषधांबरोबरच दिले जाते. राष्ट्रीय कार्यक्रमात पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी देतात. प्रौढांच्या या गोळीत रिफॅम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० व इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे चालू राहतात.

मात्रा वजनावर ठरते. २५ ते ३४ किलोच्या प्रौढास रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ किलोस तीन, ५० ते ६४ किलोस चार, ६५ ते ७५ किलोस पाच आणि त्याहून अधिक वजनास सहा. उपचाराने भूक परत येते व वजन वाढते. वजनाचा गट बदलल्यास मात्रेचा फेरविचार करावा लागतो. म्हणून प्रत्येक भेटीत वजनकाट्यावर उभे राहणे हा उपचाराचाच भाग समजावा. औषध उपाशीपोटी, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतल्यास अंगी चांगले लागते. आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेऊ नये. लघवी, घाम व अश्रू यांना नारिंगी रंग येतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे दिसू लागले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

आता या औषधाच्या दुसऱ्या स्वभावाकडे वळू. आपण घेतलेली अनेक औषधे यकृतातील विकरे मोडून शरीराबाहेर घालवितात. रिफॅम्पिसिन या विकरांचे प्रमाण वाढविते. सुमारे दोन आठवड्यांत हा परिणाम पूर्णत्वास जातो, आणि मग बरोबरची कित्येक औषधे काम करण्यापूर्वीच मोडली जातात. गोळी तीच, वेळ तीच. पण रक्तात तिचा अंश कमी उरतो.

गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा त्यामुळे उरत नाही. उपचार चालू असेपर्यंत व त्यानंतरही चार आठवडे तांबी किंवा निरोध यांसारखा अन्य उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने योजावा. मधुमेहावरील ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा प्रभाव घटून साखर वाढू शकते. एच.आय.व्ही.वरील डोल्युटेग्रॅविर हे औषध एरवी ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात. रिफॅम्पिसिन चालू असता तेच दोनदा द्यावे लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही आणखी दोन आठवडे तसेच चालू ठेवावे लागते. फिट्स, हृदयविकार व स्टेरॉइड यांच्या काही औषधांनाही हाच नियम लागू आहे.

बुधवार पेठेत याचे महत्त्व अधिक. येथील रुग्ण क्षयरोगाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून घेतो, दुसऱ्या आजाराचे औषध मोठ्या रुग्णालयातून आणि ताप-खोकल्याचे गल्लीतील दवाखान्यातून. एच.आय.व्ही.चे उपचार घेणाऱ्या भगिनी ते लोकलज्जेस्तव सांगत नाहीत, आणि गर्भनिरोधक गोळीला कोणी औषध समजत नाही. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर तीन वह्या आहेत, पण ताळेबंद कोणीच मांडलेला नाही.

आमच्याकडून राहून गेलेली चूक अशीच होती. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या एक भगिनी रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेत होत्या. त्यांना क्षयरोग झाला. रिफॅम्पिसिन सुरू होताच वॉरफेरिनचा प्रभाव घटला, डॉक्टरांनी आय.एन.आर. तपासून त्याची मात्रा वाढविली. येथवर सारे यथायोग्य झाले. सहा महिन्यांनी उपचार संपले, बाईंनी सर्वांना पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात त्या नाकातून व हिरड्यांतून रक्त येऊ लागल्याने परत आल्या. रिफॅम्पिसिन थांबले, यकृत दोन आठवड्यांत पूर्ववत झाले. परंतु वॉरफेरिनची वाढविलेली मात्रा तशीच चालू राहिली होती. केसपेपरवर ‘क्षयरोग उपचार पूर्ण’ एवढाच शेरा होता. वेळीच उपचार मिळाल्याने त्या बचावल्या; पण त्या शेऱ्याने आम्हांस फार दिवस स्वस्थ बसू दिले नाही. खाते बंद करताना त्याच्याशी जोडलेली दुसरी खाती पाहावयाची असतात, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षी शिकविले जाते. आम्ही ते रुग्णाच्या कागदावर लागू केले नव्हते.

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर ‘इतर चालू औषधे’ असा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. काही नसल्यास ‘नाही’ असे लिहावे लागते. हाच प्रश्न उपचार सुरू होताना, दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना असा तीन वेळा विचारला जातो, तोही पडद्याआड व नातेवाइकांना बाहेर बसवून. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णास रिफॅम्पिसिन थांबल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात आय.एन.आर.साठी पुनःपुन्हा बोलाविले जाते.

वाचकांस आमची नम्र विनंती एवढीच, की दवाखान्यात येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणावीत. त्यांत आयुर्वेदिक काढा असो, गर्भनिरोधक गोळी असो, वा कोणास न सांगितलेले औषध असो. आम्हांस त्याचे कारण नको, नाव हवे. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये वा वाढवू नये. आमचे हितचिंतक व देणगीदार यांनी ही माहिती आपल्या वाड्यात, दुकानात व परिचितांत पोहोचविली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.