पहिलं काम बाहेर, शेवटचं काम आत

बाळा, कादराबादच्या आपल्या जुन्या घराचं तळघर दुरुस्त करायला काढलंस, हे फार चांगलं केलंस. पण गवंड्याला बोलावण्याआधी माझं थोडं ऐक. जमिनीखालच्या भिंतीची ओल आत दिसते, तिचं कारण मात्र बहुधा बाहेर असतं.

आधी ओल कुठली ते ओळख. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस घट्ट बसव. भिंतीकडच्या अंगाला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला धरले तर पावसाळी दमट हवेचं गार भिंतीवर पाणी होतंय. अशा दिवसांत तळघराची खिडकी दिवसभर उघडी टाकू नकोस. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मात्र खुशाल उघड.

वैशाखातही ओल तशीच राहिली, तर पावसाला बोल लावू नकोस. न्हाणीची मोरी, नळाचे सांधे, संडासाची टाकी तपास.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात ठेव. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात तडकते. मृगाचा पाऊस त्या भेगांतून थेट पायाशी उतरतो आणि एकदा धरलेलं पाणी ती माती लवकर सोडत नाही. त्यात गावठाणातले रस्ते थरावर थर चढून उंच झाले, जुनी जोती खाली गेली. म्हणून भिंतीलगतची काळी माती काढ, मुरूम भरून चोप आणि वरून भिंतीपासून दूर उतार दे. सहा फुटांत चार इंच तरी हवा. माळवदाच्या पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नकोस, पाइप लावून लांब ने.

एवढ्यानं भागलं नाही तर बाहेरून चर घे. चर पायाच्या तळाखाली कधीच नेऊ नकोस, आणि सगळी भिंत एकदम उघडी पाडू नकोस. चार-पाच फुटांचा तुकडा खणायचा, भरायचा, मग पुढचा. तळाशी छिद्रांचा पाइप, भोवती धुतलेली खडी, खडीवर गाळ अडवणारं कापड. पाइपाचं तोंड सखल जागी काढ. भिंत आत फुगलेली दिसली तर मात्र कुदळ लावण्याआधी इंजिनिअरला दाखव.

अंबडची पुष्करणी बारव तू पाहिली आहेस. जुन्या बारवांचे दगड बहुधा चुन्याशिवाय रचलेले असतात, म्हणून मागचं पाणी सांध्यांतून झिरपून येतं आणि भिंतीवर त्याचा दाब साचत नाही. घराच्या भिंतीमागचं पाणीही असंच साचू द्यायचं नाही. ते आत शिरण्याआधी वाट काढून द्यायची.

आता आतलं काम. दगडमातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट किंवा टाइल चढवू नकोस. ओल कोंडते आणि वर चढून दुसरीकडे फुटते. पोपडे काढ, सांधे मोकळे कर. लोणा कोरड्या ब्रशनं झाड आणि गोळा करून बाहेर टाक. पाण्यानं धुतलास तर खार पुन्हा भिंतीत जिरतो.

मग भिंत वाळू दे. जाड भिंतीला महिने लागतात, घाई करू नकोस. बाहेरचं काम उन्हाळ्यात उरक, एक पावसाळा जाऊ दे, आणि भिंत कोरडी राहिली तर दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा कर. तो पातळ थरांनी दे आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेव. वरून चुन्याचीच सफेदी.

तिथे धान्य ठेवायचंच झालं तर पोती फळ्यांवर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब.

आणि दर वर्षी मृगाआधी नाली उपस, पन्हाळ साफ कर, उतार खचला असेल तर दोन टोपली मुरूम टाक. एका सकाळचं काम आहे, पण ते चुकवू नकोस.