बदललेला गुडघा आणि अतिदक्षता

प्रश्न : आईच्या बदललेल्या गुडघ्यात पू झाला, ती अतिदक्षता विभागात आहे. अशा अवस्थेत पुन्हा शस्त्रक्रिया? औषधांनी भागणार नाही का? – एक वाचक, शिर्डी

उत्तर : बहुधा नाही. कृत्रिम सांध्यावर जंतू चिकट थर करून राहतात. त्यात प्रतिजैविके पुरेशी पोचत नाहीत आणि जंतू रक्तात उतरत राहतात. अशा अवस्थेत शस्त्रक्रियेची, भुलेची तुमची भीती रास्तच आहे. पण पू आत ठेवून या जंतूंमुळे घसरलेला रक्तदाब सावरणे फार कठीण, म्हणून थांबण्याचा धोका अधिक मोठा. आता सांधा उघडून धुणे, गरज पडल्यास काढणे, एवढेच करायचे. काढलाच, तर नवा बसवण्याचा विचार काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. दुसरे मत हवे असेल, तर साईबाबा संस्थानचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय गावातच आहे; पूच्या कल्चरचे (जंतूंच्या तपासणीचे) रिपोर्ट घेऊन आजच विचारा.