घटक ४ : धातूची वस्तू, तिचा शब्द आणि तिची जागा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर प्राचीन धातुवस्तू व दागिने यांचा संग्रह हे सांस्कृतिक इतिहासाचे साधन कसे बनते, ते आपल्याला सांगता येईल. मराठीतील काही धातुवाचक, नाणेवाचक आणि अलंकारवाचक शब्दांचा उगम त्या वस्तूंच्या प्रवासाशी जोडून पाहता येईल. तसेच एखादी जुनी वस्तू समोर आली असता तिच्याविषयी पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

एखादा शब्द वाक्यातून उचलून एकटाच कागदावर लिहिला, तर त्याचा अर्थ निश्चित करता येत नाही. 'दाम' म्हणजे नाणे, किंमत की पैसा, हे वाक्य सांगते. धातूच्या जुन्या वस्तूचेही असेच आहे. ती ज्या थरात, ज्या घरात, ज्या भांड्यात, ज्या इतर वस्तूंच्या सोबतीने सापडली, तो परिसर म्हणजे तिचे वाक्य होय. संग्राहक वस्तू उचलतो तेव्हा हे वाक्य टिपून घेतो की मोडून टाकतो, यावर त्या संग्रहाचे मोल ठरते. प्रस्तुत घटकाचा गाभा हाच आहे.

आपल्या किनाऱ्यावरून सुरुवात करू. मुरूड तालुक्यातील आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीकडे जाणारी फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडते. बोटीतील प्रवाशांची नजर साहजिकच समुद्राकडे, जंजिऱ्याच्या दिशेने लागलेली असते. क्षणभर उलट दिशेला, खाडीच्या आतल्या अंगाला पाहावे. त्या बाजूला मांदाड आहे आणि त्याच्याजवळच कुड्याची बौद्ध लेणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी येते. तीत सेमिला, म्हणजे आपले चौल, याच्यानंतर 'मंदागोरा' हे नाव आहे. हे नाव अनेक अभ्यासक मांदाडशी जोडतात. नामसादृश्य हा एकटा पुरावा कधीही पुरेसा नसतो. परंतु खाडीच्या काठावर सव्वीस लेण्यांचा समूह उभा असणे, ही गोष्ट त्या नामसादृश्याला वजन देते.

कुड्याच्या लेण्यांतील प्राकृत लेखांपैकी एक लेख आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. करहाकडचा, म्हणजे कऱ्हाडचा, महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी तेथे लेणे दान देतो. लेखात त्याच्या धंद्याचे नाव 'लोहवणिय' असे येते. आज आपण ज्याला 'वाणी' म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. घाटमाथ्यापलीकडच्या नगरातील धातूचा व्यापारी या खाडीकाठी दान देतो, याचा अर्थ त्याचा या किनाऱ्याशी संबंध होता. महिकाचा लेख आजही मूळ जागी, कातळावर आहे, म्हणूनच आपण इतके तरी म्हणू शकतो. तेच नाव एखाद्या सुट्या तांब्याच्या पट्टीवर कोरलेले बाजारात मिळाले असते, तर कऱ्हाड आणि कुडे यांना जोडणारा धागा आपल्या हाती आला नसता.

४.३ ब्रह्मपुरीचा साठा

महिकाच्या कऱ्हाडाहून दक्षिणेकडे गेले की कोल्हापूर लागते. तेथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांच्या देखरेखीखालील कामात या टेकडीवर काशाच्या वस्तूंचा एक साठा हाती आला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील विटांच्या घरांची वस्ती या टेकडीखाली होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

साठ्यातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती. देव उभा आहे, नग्न आहे, एक हात वर उचललेला आहे. त्या हातातील त्रिशूळ आता राहिलेला नाही. मूर्तीबरोबर रोमन घडणीचे आरसे, सुरई आणि उठावाचे काम केलेली तबकडीही होती. शिवाय त्याच साठ्यात भारतीय घडणीचे काम होते : हत्तीवर स्वार झालेल्या माणसांची एक अतिशय जिवंत मूर्ती त्यात आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाण्याचा योग आला, तर पोसायडनसमोर थांबावेच. पण या हत्तीला मुळीच चुकवू नये. माझ्या मते कारागिरीत तो तसूभरही उणा नाही, आणि नुसते 'रोमन' पाहायला गेलेला माणूस त्याच्यावरून नजर फिरवून पुढे निघतो.

हे सारे एकत्र कशासाठी होते? एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याने हौसेने जमवलेला हा संग्रह होता काय? की एखाद्या कासाराकडे वितळवण्यासाठी आलेली मोड? दोन्ही तर्क करता येतात. घरातील देव म्हणून त्या मूर्तीची पूजा झाली असेल, तर तिला कोणत्या नावाने हाक मारली जात असेल? त्रिशूळधारी देव म्हणजे शिव, असे कोणी समजले असेल काय? भाषेच्या अभ्यासकाला हा शेवटचा प्रश्न सर्वाधिक छळतो, कारण त्या घरातील एकही वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

मात्र हे प्रश्न विचारता येतात, ते साठा एकत्र राहिला म्हणून. या वस्तू एकेक करून विकल्या गेल्या असत्या, तर पोसायडन कुठल्या तरी कपाटात 'रोमन मूर्ती' या चिठ्ठीखाली उभा असता, आणि हत्तीशी त्याचे काही नाते होते, हे कोणाला कळलेही नसते. उलट पद्धतशीर उत्खननाच्या आधीच साठा निघाल्यामुळे त्याच्या काळाविषयी आणि घडणीविषयी चर्चा लांबत गेली. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये या वस्तूंचा पुनर्विचार केला. पुढे १९९१ मध्ये रिचर्ड डी प्युमा यांनी त्यातील रोमन वस्तूंचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे वाक्याचे काही शब्द हाती होते, विरामचिन्हे मात्र हरवलेली होती.

उलट दिशेचे उदाहरण सर्वपरिचित आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने पाँपेई गाडले गेले. त्यामुळे ही मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती, हे निःसंशय. इतकी नेमकी कालमर्यादा मूर्तीच्या शैलीवरून कधीच मिळाली नसती. ती जागेने दिली.

४.४ धातूंबरोबर आलेले शब्द

आता या वस्तूंच्या नावांकडे वळू. पेरिप्लसमध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य आणि पोवळी यांच्या बरोबरीने तांबे, कथील आणि शिसे हे धातू येतात. सोन्याचांदीची नाणीही येतात आणि राजासाठी चांदीची उंची भांडी वेगळी नोंदवली आहेत. यातील 'कथील' हा शब्द पाहा. संस्कृतात 'कस्तीर', त्यावरून मराठीत 'कथील'. ग्रीकमध्ये कथलाला 'कॅसिटेरॉस' म्हणत. हे साम्य योगायोगाचे नाही, आणि संस्कृत शब्द ग्रीकवरून आला असे बहुधा मानले जाते. वायव्य युरोपच्या किनाऱ्यालगतच्या, कथील पुरवणाऱ्या बेटांनाही ग्रीक लेखक याच शब्दावरून नाव देत. त्या भागात केल्टिक भाषा बोलणारे लोक राहत होते. भडोचला उतरलेले कथील त्याच बेटांवरचे होते, असे म्हणण्यास आधार नाही. पण एकाच शब्दाने अटलांटिकचा किनारा आणि आपल्या स्वयंपाकघरातील कल्हई यांना एका ओळीत आणले आहे, हे मात्र खरे. तांब्यात कथील मिसळले की कासे होते. पोसायडन त्याचाच, आणि तळपाय घासायची आपली काशाची वाटीही त्याचीच.

'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' वरून आला. ब्रह्मपुरीच्या साठ्यातील आरसे घासून लखलखीत केलेल्या धातूचे होते. काच पुढे आली, धातू गेला, शब्द तसाच राहिला. ग्रीक 'द्राख्मे' वरून 'द्रम्म' आणि त्यावरून 'दाम' आला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत 'द्रम्म' हे चलन म्हणून भेटते. लॅटिन 'देनारिउस' हे रोममध्ये चांदीचे नाणे होते. गुप्तांच्या लेखांत 'दीनार' म्हणून येते ते सोन्याचे. शब्दाने प्रवास करताना धातू बदलला. म्हणून केवळ शब्दावरून वस्तू ठरवू नये, आणि केवळ वस्तूवरून शब्दही गृहीत धरू नये.

नाणे गळ्यात घालण्याची आपली हौस फार जुनी आहे. भारतात मिळालेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकी कितीतरी भोके पाडलेली किंवा कडी बसवलेली आहेत. ज्यांना सोने परवडत नसे, त्यांच्यासाठी त्या नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती होत. सम्राटाचा मुखवटा, भोवती अक्षरांचा भास देणाऱ्या रेघा आणि वर ओवण्यासाठी जागा. तेर आणि तेलंगणातील कोंडापूर येथे अशा मुद्रा मिळाल्या आहेत. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असणे, ही बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. घडवणाऱ्याला लॅटिन वाचता येत नव्हते. त्याच्या लेखी अक्षर हीच नक्षी होती.

हीच गोष्ट पुढे पुन्हा घडली. व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅटवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तेथील शासक आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्त अशा आकृती असत. आपल्याकडे त्या आकृत्यांवरून नाण्याला 'पुतळी' हे नाव पडले आणि त्यांची 'पुतळ्यांची माळ' झाली. नंतर सराफांनी त्या घाटाच्या चकत्या स्वतःच घडवल्या आणि त्यांवर आपले देव आले. लग्नात आजही मिरवली जाणारी ही माळ परदेशी नाण्याची आठवण आहे, हे ती घालणाऱ्या बहुतेकींना माहीत नसते.

केल्ट लोकांचा 'टॉर्क' हा गळ्यातील अलंकार मराठी वाचकाला समजावून द्यायचा, तर आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत. घाट 'सरी'चा, म्हणजे न वाकणाऱ्या कड्यासारखा; वीण 'गोफा'ची, म्हणजे पीळ दिलेल्या तारांची. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात स्नेटिशॅम येथे १९५० मध्ये जमीन नांगरताना असा एक टॉर्क निघाला. त्याचे वजन किलोभराहून अधिक आहे. सोने-चांदीच्या मिश्रणाच्या चौसष्ट तारा, आठ-आठ तारांचे आठ पीळ आणि ते पुन्हा एकमेकांत पिळलेले, अशी त्याची घडण आहे. त्यात एक नाणे अडकलेले होते. त्यावरून तो इ. स. पू. ७५च्या सुमारास पुरला असावा, असा अंदाज करता आला. सापडणाऱ्याने तो घासूनपुसून, नाणे वेगळे काढून विकला असता, तर टॉर्कचे सोने तेवढेच राहिले असते आणि काळ मात्र हरवला असता.

४.५ संग्राहक

संग्राहक म्हटला की विकत घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वेगळ्या जातीचे होते. तेर म्हणजे पेरिप्लसमधील 'तगर', जेथून साधे व तलम कापड भडोचला जात असे. आपल्या गावात नांगराखाली, पावसाच्या ओघळात, घरांच्या पायांत जे जे निघे, ते लामतुरे गोळा करीत राहिले. त्यांचा हजारो वस्तूंचा संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरलाच उभे राहिले. उत्खननातील थरांची नोंद अशा संग्रहाला नसते, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. पण गाव निश्चित आहे, आणि वस्तू गावातच राहिल्या आहेत. व्यवहारात एवढेही दुर्मीळ असते.

जुन्या वस्तूंच्या बाजारात मला एकदा कडी बसवलेले एक नाणे 'रोमन' म्हणून दाखवण्यात आले. खरेखोटे मी सांगू शकलो नसतो. मी एवढेच विचारले, "कुठे सापडले?" उत्तर आले, "कोकणात." कोकण म्हणजे शेकडो किलोमीटरचा किनारा! नाणे खरे असले, तरी इतिहासासाठी ते तेथेच मुके झाले होते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कळवणाऱ्याचा हक्क हा कायदा नाकारत नाही. त्याच्या वाट्याची तरतूद त्यात आहे. १९७२चा पुरावशेषविषयक कायदा १९७६ पासून अमलात आला. किमान शंभर वर्षे जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करण्यास आणि खाजगी व्यक्तीने त्या देशाबाहेर नेण्यास तो मनाई करतो. तरीही शेतात तांब्याचे भांडे निघाले की पहिली धाव सराफाकडे किंवा मोडवाल्याकडे जाते. भीती ही की वस्तू जाईल आणि वर चौकशी मागे लागेल. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण मुशीत गेलेली वस्तू कोणाचीच राहत नाही.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'दाम', 'कथील' आणि 'पुतळी' या तीन शब्दांपैकी कोणत्याही एकाच्या आधारे शब्द व वस्तू यांच्या प्रवासाविषयी टिपण लिहा. (सुमारे २०० शब्द)

२. ब्रह्मपुरीचा साठा हा संग्रह होता की मोड? आपले मत कारणांसह मांडा. विरुद्ध मताचे सर्वांत बळकट कारणही नोंदवा.

४.७ क्षेत्रकार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या वयस्कर व्यक्तीकडील एक जुना दागिना अथवा धातूचे भांडे निवडा. त्याचे स्थानिक नाव त्या व्यक्तीच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. ते कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणत्या प्रसंगी आले, आणि त्याच्या जोडीने आणखी काय होते, हे विचारा. वजन व किंमत विचारू नका; त्याने संशय वाढतो आणि बोलणे थांबते. सांगणाऱ्याला जे आठवत नाही, तेथे नोंदवहीत जागा कोरी सोडा, आपल्या अंदाजाने ती भरू नका. नोंद पूर्ण झाल्यावर ती त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या शाईने लिहा.